परातीतलं पान

सोन्याचं पदक तळहातावर घेऊन राजनंदिनी दुकानाच्या दाराशी उजेडात गेली. तिनं ते उलटं केलं, सुलटं केलं आणि आईपुढं धरलं.

"आई, वळख बरं, काय हाय हे?"

"कमळ," गादीवरून शिवहारच बोलून गेला.

"कमळ कशाचं!" मंजुळाबाई हसल्या. "हळदीचं फूल हाय ते. आमच्या दारापुढं सारी हळदच हाय. तुमीच घडवलं आन् तुमालाच म्हाईत न्हाई?"

शिवहारचं तोंड उतरलं. शेजारी बसलेल्या पुंजाजीनं, त्याच्या बापानं, लगेच सावरून घेतलं. "गंमत करून राहिला तो. गिऱ्हाईकाची पारख बघतो."

"व्हय, गंमत केली," शिवहार म्हणाला.

भादव्यात त्याची बायको सीमा माहेराहून आली तेव्हा तिनं ओल्या फडक्यात काहीतरी गुंडाळून आणलं होतं. ते खिडकीत ठेवून ती कॅलेंडरच्या पाठीवर काढायची, खोडायची, पाकळ्या कमी करायची. मग तो कागद तिनं नवऱ्याच्या हातात दिला. त्यानं वजन किती बसेल ते विचारलं. फूल कशाचं, हे विचारलंच नाही.

"हळदीला फूल येतं हेच लई जणांला ठाऊक नसतं," राजनंदिनी म्हणाली. "पानाच्या बुडाशी ऱ्हातं. वाकून पान बाजूला सारावं तवा दिसतं. तुमी कुठं पाहिलं, दादा?"

शिवहारनं चिमटा उचलला, पुन्हा खाली ठेवला. "रानात."

"आन् ही वरची पाकळी अशी उचललेली ठेवायचं कसं सुचलं?"

"दाबली असती तर फूल गुदमरलं असतं."

वाक्य तोंडातून गेलं तेव्हा त्याला कळलं, ते आपलं नाही. कागद देताना सीमा हेच बोलली होती. दुकानामागं घर, मध्ये फक्त पडदा. पडद्याआड इतका वेळ चाळणीचा आवाज येत होता, तो थांबला.

"ऐकलंस का, आई?" राजनंदिनी खुलली. "म्हनून म्या इथंच घडवाया टाकायचं म्हनत होते."

"हात हाय पोराचा," पुंजाजी म्हणाला. "शिकवावं लागलं न्हाई."

"मग याच्या जोडीला कानातलं पायजे. हळदीच्या पानाचं. आत्ताच काढून दाखवा, दादा."

शिवहारनं कागद ओढला. पान म्हटलं की त्याचा हात एकाच वळणानं जाई. मध्ये फुगीर, टोकाला निमुळतं, कड सलग. वर्षानुवर्षं ठशावर तेच पान उठवलं होतं. आताही तेच उतरलं.

"हे आंब्याचं झालं की," राजनंदिनी म्हणाली.

"तोरणाला लावा," मंजुळाबाईंनी भर घातली.

"भिंग आणतो आतून," म्हणत शिवहार उठला. भिंग त्याच्या कोपराशीच पडलेलं होतं. पडदा सारताना त्याला दिसलं, पुंजाजीनं भिंगावर हळूच फडकं टाकलं.

म्हणजे बापालाही ठाऊक होतं.

आत सीमा परातीपुढं बसली होती. त्यानं विचारायच्या आतच तिनं चाळलेली कणीक तळहातानं सपाट केली आणि बोटानं रेघ ओढली.

"सारं उघडलेलं पान रुंद दिसतं, कानाला जड व्हईल," ती दबक्या आवाजात म्हणाली. "नवं पान निघतं ना पुंगळीवानी, ते घ्या. अर्धं उघडलेलं. ही कड मोकळी, ही आत वळलेली. शिरा तिरप्या, अन् विरळ ठेवा. वाऱ्याला जागा ऱ्हाऊ द्या."

नखानं तिनं शिरा काढल्या. शिवहार उकिडवा बसला आणि तिच्या रेघेवरून त्यानं एकदा बोट फिरवून पाहिलं. वळण ध्यानात आलं तसा तो उठला.

बाहेर येऊन त्यानं घाईनं काढलं, विसरायच्या आत.

"हेच!" राजनंदिनीनं कागद उचलला. "रोज बघते म्या, पर असं कधी दिसलं न्हाई." ती कागदाकडे पाहत राहिली. रेघेच्या कडेला पांढरा डाग होता. तिनं त्याच्या हाताकडं पाहिलं. "दादा, बोटाला पीठ लागलंय."

शिवहारनं हात मांडीखाली घेतला.

राजनंदिनीनं पदक रुमालात बांधलं, आईला उठवलं. पायरी उतरताना मात्र ती पडद्याकडं बघत जरा मोठ्यानं म्हणाली, "लग्नाला या बरं का समदे. वहिनीला घेऊन या."

"बघू, बघू," पुंजाजी म्हणाला, आणि फडक्याखालचं भिंग काढून पुसू लागला.

शिवहारनं बोट पँटीला पुसलं. नखात राहिलेलं पीठ निघेना. तो आत गेला.

सीमा तशीच बसली होती. शेगडी बंद होती, दुपारच्या पोळ्या व्हायच्या होत्या. परातीतलं पान जसंच्या तसं होतं.

"पुन्हा बघाया येताल म्हनून मळलं न्हाई," ती म्हणाली. "काय म्हनली?"

"आवडलं."

ती आणखी काही ऐकायला थांबली. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

"मग मळू का आता?"

तो नको म्हणेल एवढा वेळ तिनं तांब्या वाकडा धरून ठेवला. मग पाणी पडलं. पान आधी देठाकडून विरलं.