गांडूळ की कणीक

दर उन्हाळ्यात बाबा आणि घड्याळवाले काका दूरच्या घळीतल्या नदीवर मासे धरायला जायचा बेत आखत आणि आमिषावरून भांडून मोडत. बाबा म्हणत गांडूळ, काका म्हणत कणकेची गोळी. अशी एकवीस वर्षं गेली. घळ जागची हलली नाही, हे दोघंही हलले नाहीत.

यंदा बाबा जाऊन चार महिने झाले होते. तरी काका आले, जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून रिकाम्या खुर्चीकडे बघत खाकरले. "विचार तुझ्या बापाला, गांडूळच ना?"

"गांडूळच म्हणतात," लेक म्हणाली.

आता आवाज चढणार, असं तिला वाटलं. पण काका नकाशाची घडी घालू लागले. "बरं बाई, त्याचंच खरं. रविवारी एकटाच जाऊन येतो."

तिने नकाशावर हात ठेवला. एकदा जाऊन आल्यावर काका पुन्हा कशाला येतील?

"काका, बाबा म्हणतात, तुमचा तंबू गळका आहे."

काकांचा चेहरा उजळला. त्यांनी खुर्चीवर बोट रोखलं. "गळका? उघडून तरी बघितलास कधी? जा, रद्द! पुढच्या वर्षी स्वतःचा आण!"