बासष्ट घरं

"आज सही झाली की आजच घरी," तुरुंगाधिकारी फान म्हणाला. "फक्त एक करायचं, मावशी. त्यानं गावाचं विचारलं, तर सांगायचं, सगळ्यांनी सह्या केल्या."

हुइझननं मान हलवली. सत्तर वर्षांची म्हातारी, दोन बस बदलून चीनमधल्या हपेइ प्रांतातल्या या तुरुंगाच्या वीटभट्टीवर आली होती, आणि वाटेतच तिचं ठरलं होतं. भावाला न्यायचं. बाकी काय ते देव बघून घेईल. सुनेला ती सांगून आली होती, मामांची पथारी चुलीजवळ घालून ठेव म्हणून.

टेबलावर कागद होता. चारच ओळींचा. रोमच्या पोपशी माझा यापुढे काही संबंध नाही, आणि खाली सहीला जागा. सरकारला या चार ओळी लिहून द्यायला नकार दिला, म्हणून तिच्या धाकट्या भावाला, बिशप यान शौछंगला, एकोणीस वर्षांपूर्वी चर्चच्या पायरीवरून उचलून नेलं होतं.

दार उघडलं. आत आलेल्या माणसाला तिनं आधी ओळखलंच नाही. कावड वाहून वाहून एक खांदा खाली गेलेला. पुढचे दात नाहीत. विटांचा लाल रंग तळव्यांच्या भेगांत कायमचा बसलेला.

"ताई," तो म्हणाला, "जेवलीस का?"

"जेवले." ते खरं नव्हतं. "किती वाळलास रे, धाकट्या."

"तूही काही बाळसं धरलेलं दिसत नाहीस."

फाननं कागद पुढे सरकवला. "गप्पा घरी जाऊन मारा. काय रे, एकोणीस वर्षांत तुझे ते पोपमहाराज आले का एकदा तरी भेटायला? शेवटी बहीणच आली ना?"

"खरंय साहेब," बिशप म्हणाला. "पण त्यांना माझा पत्ता तुम्ही कुठे दिलात?"

हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ थांबेना. मग त्यानं पेन हातात घेतलं आणि कागदाकडे बघत राहिला.

"ताई, हे म्हणतात, आपल्या तोंगवा गावानं केव्हाच सह्या केल्या. मी एकटाच हट्टाला पेटलोय. मी थकलोय गं आता. माणसंच उरली नसतील, तर मी बिशप तरी कुणाचा? तू सांग. तू सांगशील ते खरं."

फान तिच्याकडे बघत होता. 'हो' म्हणायचं होतं. एवढं म्हटलं की संध्याकाळी हा बसमध्ये तिच्या शेजारी बसणार होता. तिनं तोंड उघडलं.

"नाही," ती म्हणाली. "गावात बासष्ट घरं. त्यातल्या एकसष्ट घरांनी नाही केली. लू मास्तरांना शाळेच्या पटांगणात दोन दिवस उभं केलं. तिथंच गेले ते. पण सही नाही केली."

"म्हातारे!" फाननं टेबलावर मूठ आपटली. चहाचा मग कलंडला.

बिशपनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. "आणि बासष्टावं घर?"

हुइझनची मान खाली गेली.

"ते माझं. बारा वर्षं झाली. सही कर, भावाला भेटू देतो, म्हणाले. तू आहेस की गेलास, तेही कळत नव्हतं रे. केली मी. भेटू तर दिलंच नाही. तेव्हापासून कुणाकडे चोरून प्रार्थना असली, तर मी बाहेर अंगणात बसते. मला कुणी ये म्हणत नाही, जा म्हणत नाही."

बिशपनं पेन खाली ठेवलं. टेबलावरून हात पुढे करून तिचं मनगट धरलं आणि खालच्या आवाजात लॅटिनमधले दोन-चार शब्द उच्चारले. अंगठ्यानं तिच्या कातडीवर लहानसा क्रूस काढला. पापाची कबुली दिल्यावर लाकडी जाळीपलीकडून ऐकू यायचे ते क्षमेचे शब्द हेच. लहानपणापासून दर शनिवारी तिनं ते ऐकले होते. गेल्या बारा वर्षांत एकदाही नाही.

"काय पुटपुटलास?" फान ओरडला.

"झालं गेलं विसर, म्हटलं बहिणीला." तो तिच्याकडे वळला. "आता अंगणात बसत जाऊ नकोस, ताई. थंडी असते."

मग उठला. "कागद उचला, साहेब. विटा तशाच पडल्यात तिकडे."

तिला रडायलाही वेळ मिळाला नाही. पहारेकऱ्यानं त्याला नेलं, आणि दुसऱ्यानं तिला फाटकाबाहेर काढलं.

गोठलेल्या शेतांमधून तासभर चालून ती रस्त्यावर आली. बस खच्चून भरली होती. दोन कोंबड्यांची टोपली घेऊन बसलेल्या एका बाईनं सरकून तिला जागा दिली.

"एवढ्या थंडीत कुणाकडे आला होतात, आजी?"

या प्रश्नाला हुइझनचं उत्तर ठरलेलं होतं. भाऊ लांब नोकरीला असतो, असं ती एकोणीस वर्षं परक्या माणसांना सांगत आली होती.

"भावाला भेटायला," ती म्हणाली. "तुरुंगात असतो. बिशप आहे आमचा."

आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. पुढच्या दोन बाकांवरची माणसं बोलायची थांबली. शेजारच्या बाईनं टोपली मांडीवर ओढून घेतली, जमेल तेवढी खिडकीकडे सरकली आणि बाहेर बघू लागली.

हुइझन मोकळ्या झालेल्या जागेत ऐसपैस बसली.