आहेस कुठे?

शत्रूच्या कर्नलने चार दिवस फोन बंद ठेवला होता, आणि इकडे लष्कराच्या सायबर कमांडमध्ये साहेबांचा पारा चढत चालला होता.

"आज लावेल तो," हेडफोनवाली छातीठोकपणे म्हणाली. दोन वर्षं त्याचे फोन चोरून ऐकता ऐकता तिला त्याचं अख्खं घर पाठ झालं होतं. "आज त्याच्या आईच्या डोळ्याची पट्टी निघतेय."

दुपारी खरंच फोन लागला.

"आई, दिसतंय का गं?"

"लख्ख दिसतंय रे! पण तू आहेस कुठे?"

उत्तर दिलं ते हेडफोनवालीच्या समोरच्या नकाशावरच्या लाल ठिपक्याने. साहेबांनी तिची पाठ थोपटली आणि तोफखान्याला ठिकाण कळवलं.

चार दिवसांनी ती त्या खोलीबाहेर आली. लॉकरमधला स्वतःचा फोन तिने सुरू केला, तसा तो वाजलाच. सवयीने तिने उचललाही.

"अगं, आहेस कुठे तू? इथे माझा जीव टांगणीला लागलाय!" आई म्हणाली.

तिने झटकन फोन बंद केला.

पण उचलून तर झाला होता.