नवं ते नवंच राहावं

गुरुवार, म्हणून दर आठवड्यासारखी दुरुस्तीसाठी वीज गेलेली, आणि अकरा वाजता मृदुलाची ऑनलाइन मुलाखत. लेकीसाठी सोडलेली नोकरी किती वर्षांनी पुन्हा दाराशी आली होती. कॉम्प्युटरवर काम करून दाखवायचं होतं, त्यामुळे मोबाइलचा उपयोग इंटरनेटपुरताच. लॅपटॉप मात्र मेल्यासारखा पडून होता.

"सकाळीच नवी बॅटरी बसवलीय मी," नवरा, विद्याधर, म्हणाला. "दुकानदारानं टोपी घातली आपल्याला."

मृदुलानं बटण दाबून धरलं, सोडलं, पुन्हा दाबलं. रडू येईल म्हणून तिनं नजर वळवली. समोर टीव्हीचा रिमोट, प्लास्टिकमध्ये. फ्रिजचं हँडल प्लास्टिकमध्ये. सोफा तर आणल्या दिवसापासून प्लास्टिकमध्ये, उन्हाळ्यात पाठीला चिकटणारा.

तिनं लॅपटॉप उलटा केला आणि बॅटरी ओढून काढली. ज्यांतून लॅपटॉपला वीज मिळते त्या पितळी दातांवर पारदर्शक पट्टी होती. निघू नये म्हणून कडेनं नखानं दाबून बसवलेली.

"ही काढली नाहीत तुम्ही?"

"नवीन वस्तूची कशाला काढायची?" विद्याधर म्हणाला. "गंज चढला असता."

तिनं पट्टी टर्रकन ओढली. बॅटरी बसवली, बटण दाबलं, आणि पडदा उजळला. तो उचलून ती आतल्या खोलीत गेली.

तासाभरानं ती खोलीतून बाहेर आली. "सोमवारपासून या म्हणाले," तिनं सांगितलं.

विद्याधर सोफ्यावर बसला होता. प्लास्टिकचा चोळामोळा त्याच्या पायाशी पडला होता.

"बस ना," तो सरकत म्हणाला. "मऊ आहे गं हा."