मंडईतला फोटो

आचिएंग मेथीची जुडी पारखत होती. शेजारच्या माणसाने न विचारताच मोबाईल धरून तिचा फोटो काढला. केनियाहून पुण्यात शिकायला आल्यापासून चार वर्षं हे असंच चाललं होतं. एरवी ती मुकाट्याने मान फिरवायची.

आज तिने स्वतःचा मोबाईल काढून त्याच्या तोंडासमोर धरला. "हसा ना, काका! आईला दाखवते, इथली माणसं कशी असतात ते."

भाजीवाली खो-खो हसली. गिऱ्हाइकं वळून बघू लागली, तसा काकांचा चेहरा पडला.

"डिलीट करा तो," ते पुटपुटले.

"आधी माझा करा."

तिच्या डोळ्यांदेखत त्यांनी तो काढून टाकला. "आता माझा?"

"तो कधीच पोचला आईकडे," ती म्हणाली आणि कोथिंबिरीकडे वळली.