गिअरबॉक्समधलं पाणी

वहिनींनी मोटारसायकल ढकलतच गॅरेजात आणली. मी गिअरबॉक्सचं ऑइल खाली सोडलं, तर दूध घातलेल्या चहासारखं!

“पाणी शिरलंय. पाइपानं धुता की काय?”

“छे, फडक्यानं पुसते.”

सगळी सीलं तपासली, एकही गळकं नाही. माझं डोकं चालेना. मग सीटखाली पाहिलं. गेल्या वर्षी ऑइल बदलताना तिथे मीच किलोमीटर लिहून ठेवले होते. मीटरवर आजही जवळजवळ तेवढेच.

“वहिनी, गाडी नुसती सुरू करून बंद करता ना? इंजिन नीट तापत नाही, आत वाफ धरते, तिचंच हे पाणी. जरा लांब चक्कर मारत जा.”

“मला चालवता येत नाही.”

“मग सुरू कशाला करता?”

“हे गेल्याचं सासूबाईंच्या लक्षात राहायचं नाही. संध्याकाळी सातला गाडी वाजली की ‘आला गं’ म्हणून जेवायला बसायच्या.”

“अजून फसतात त्या?”

“त्यांना जाऊन चार महिने झाले.” वहिनी आधीच लख्ख असलेली टाकी पदरानं पुसत राहिल्या. “पण सातला ही वाजल्याशिवाय आता मलाच घास उतरत नाही.”