म्हातारीला वारा लागेना

काटा लाल रेघेला टेकला, तरी बाबांनी गाडी थांबवली नाही.

"बाबा, थांबवा!" लेक ओरडली.

"चढ संपू दे, ठमे. माथ्यावर वारा लागला की म्हातारी आपोआप शांत होईल."

म्हातारी म्हणजे गाडी. लेकीपेक्षा वयाने मोठी. तिचा एकेक नट बाबांनी स्वतःच्या हाताने आवळलेला. समोरच्या जाळीतून वारा आत शिरला की रेडिएटरमधलं पाणी निवतं, हे लेकीला लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं. आणि आता त्यांनाच ते जमेनासं झालं होतं. या उन्हाळ्यात गाडी सारखी तापत होती. दर वेळी कारण नवं. कधी पट्टा ढिला, कधी पाणी कमी. लेक बॉनेटजवळ गेली की मात्र एकच वाक्य: "लांब राहा, वाफ आहे."

घरातही तेच. दूध करपलं, नळ रात्रभर वाहिला. विचारलं की बाबा म्हणत, "माझंच चुकलं."

म्हणून आज तिने स्पष्टच सांगितलं होतं. टेकडीवर जाऊन यायचं. गाडी तापली तर किल्ली माझ्याकडे आणि तुम्ही दोघं माझ्या घरी. विसराळू माणसाच्या भरवशावर आईला इथे ठेवणार नाही. बाबा तसेच कुलूप लावायला गेले. आई तोवर गाडीपाशी उभी होती. तिलाही बरोबर घ्यायचंच होतं. हल्ली कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं झालं तरी ते तिला सोबत नेत.

आता चढावर बाबांनी हीटर पूर्ण सोडला. इंजिनातली उष्णता तेवढीच बाहेर ओढली जावी म्हणून. भर दुपारचं ऊन, त्यात पायांवर भाजणारी हवा. लेकीच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. मागून ट्रकने हॉर्नचा सपाटा लावला.

"आत्ता कसं बरं वाटलं," मागच्या सीटवरून आई म्हणाली.

"आई, थट्टा सुचतेय तुला!"

तेवढ्यात पुढून फस्सकन वाफ उसळली. काच पांढरी झाली. बाबांनी अंदाजानेच गाडी कडेला घेतली. चाक खडीवरून घसरत कठड्यापाशी थांबलं. ट्रक अगदी घासून गेला.

लेकीने किल्ली उपसली आणि खाली उडी घेतली.

"लांब राहा, वाफ..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिने हाताला रुमाल गुंडाळून बॉनेट उचललं होतं.

जाळी आणि रेडिएटर यांच्यामध्ये दुलई होती. नीट बसवलेली, चारी कोपऱ्यांना नाड्यांच्या गाठी मारलेली. तिने ती लगेच ओळखली. तिच्याच बाळपणीच्या दुलईतून आईने ती गाडीसाठी शिवली होती. कडाक्याच्या थंडीत इंजिन लवकर तापावं म्हणून ती बांधायची पद्धत.

"भर उन्हाळ्यात, बाबा? वारा जाणार कुठून?"

बाबांनी खाली उतरून दुलईकडे पाहिलं. मग मागच्या काचेकडे.

"माझंच चुकलं," ते म्हणाले. "विसरलो."

"मग ठरलं तसं." तिने किल्ली मुठीत आवळली. वाईट वाटलं, पण जीव भांड्यात पडल्यासारखंही झालं. निदान कारण तरी कळलं. ती गाठ सोडायला वाकली.

मागची काच खाली आली. आईने शाल गळ्याशी घट्ट धरली होती.

"सोडू नकोस गं ते! आत्ता निघताना बांधलंय मी. हे मेले रोज काढून ठेवतात आणि म्हातारी बिचारी कुडकुडते. केवढा गारठा पडलाय!"

रस्त्यावरचं डांबर उन्हाने मऊ झालं होतं. लेकीला करपलेलं दूध आठवलं. वाहता नळ आठवला. बाबा तिच्याकडे बघतच नव्हते. रुमालाने बॉनेट पुसत होते, जिथे काहीच लागलेलं नव्हतं.

इंजिन निवलं. पाणी भरून झालं. लेकीने दुलई झटकली, आईच्या पायांवर पांघरली, कडेने नीट खोचली. मग पुढे येऊन किल्ली बाबांच्या हातात ठेवली.

गाडी सुरू झाली. जाळीतून वारा आत शिरला. काटा हळूहळू खाली आला. बाबांनी हीटर बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे, बाबा," घाम पुसत ती म्हणाली. "आईला थंडी वाजतेय."